घरची मोटार आणि घसरणीची शाळा

आमच्या पनवेलचा पाऊस ज्यानें अनुभविला आहे त्याला निसरडा रस्ता म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. मृगाची पहिली सर येते, उन्हाळाभर रस्त्यावर सांचलेलें तेल, धूळ आणि रबराची भुकटी ओली होते, आणि कालपर्यंत विश्वासू वाटणारा डांबरी रस्ता शेवाळलेल्या तळ्याच्या पायरीसारखा होऊन बसतो. पाऊस चांगला कोसळून ती राड धुऊन निघाली म्हणजे तो पुन्हां थोडाफार ताळ्यावर येतो. अशाच एका पहिल्या सरीच्या संध्याकाळीं, खोपोलीकडून जुन्या रस्त्यानें घरीं येत असतां आमची मोटार घसरली.

गाडी माझा पुतण्या चालवीत होता. मागें माझ्या मातुश्री व वहिनी बसल्या होत्या. एका वळणावर अकस्मात् उभा असलेला टेंपो दिसला. त्यानें ब्रेक दाबला. दाबतांच पायाखालीं खडखड झाली. त्या सरशी तो दचकला व पाय उचलला गेला. मग त्यानें स्टिअरिंग पुरतें फिरविलें. परंतु चाकें वळलीं तरी गाडी वळली नाहीं. ती सरळच गेली आणि रस्ता सोडून चिखलांत रुतून थांबली. ईश्वरकृपेनें कोणास खरचटलेंहि नाहीं. मातुश्रींनीं इतकेंच विचारलें, "झालें काय रे?" या साध्या प्रश्नाचें उत्तर गाडींतल्या एकासहि देतां आलें नाहीं. मीं स्वतः तीस वर्षें मोटार हांकीत आलों आहें; दुसऱ्या दिवशीं मलाहि तें देतां आलें नाहीं. तें उत्तर आम्हीं कोठें व कसें शोधलें, आणि त्यासाठीं घरच्या रोजच्या गाडीची काय तयारी केली, याची ही हकीकत आहे. ज्यांच्या घरीं तरुण मुलें मोटार चालवितात त्यांस ती उपयोगी पडेल अशी आशा वाटते.

सोमवारची अट

तीन आठवड्यांनीं, रविवारचीं जेवणें उरकल्यावर पुतण्या माझ्यापाशीं येऊन बसला.

"काका, रागावूं नका. मला गाडी घेऊन शर्यतीच्या मैदानावर जायचें आहे."

शर्यत हा शब्द कानीं पडतांच माझ्या वडील बंधूंनीं हातांतला अडकित्ता खालीं ठेविला. "गाडी चिखलांत घातलीस, तिचें प्रायश्चित्त म्हणून आतां शर्यत लावणार काय?"

"बाबा, शर्यत नाहीं. तिथें कुणाला बक्षीस नसतें. गाडी केव्हां सुटते आणि सुटली तर काय करायचें, हें शिकायला लोक जातात."

बंधूंचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं. परंतु वहिनी मध्यें बोलल्या, "भाऊजी, त्या संध्याकाळीं गाडी कां घसरली हें मला अजून कुणीं सांगितलेलें नाहीं. मी त्या गाडींत होतें. तिथें हें शिकवीत असतील तर त्याला जाऊं द्या. मात्र तुम्ही स्वतः बरोबर जा." अखेरचा निकाल मातुश्रींचा. त्यांना दर सोमवारीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावें लागतें. त्या म्हणाल्या, "कुठेंहि जा, पण गाडी सोमवारीं दारांत पाहिजे, आणि मला तींत नीट बसतां आलें पाहिजे."

पुढें गाडींत कोणता फेरफार करावा व कोणता करूं नये असा प्रश्न जेव्हां जेव्हां पडला, तेव्हां आम्हीं ही सोमवारची अटच कसोटी म्हणून लावली. तिच्याहून चांगला सल्ला आम्हांस कोणाहि जाणत्याकडून मिळाला नाहीं.

हें प्रकरण आहे तरी काय?

हौशी मोटारवाल्यांच्या या दिवसांचे मुख्य प्रकार दोन. पहिला ट्रॅकचा दिवस. बंदिस्त शर्यतमार्ग दिवसापुरता घेऊन त्यावर थोड्या थोड्या गाड्या सोडतात. ओलांडून जावयाचें तें नेमून दिलेल्या सरळ टप्प्यावर, आणि तेंहि पुढच्यानें खूण केल्यावर. जागोजागीं निशाणवाले उभे असतात व रुग्णवाहिका सज्ज असते. दुसरा प्रकार स्किडपॅनचा. स्किडपॅन म्हणजे मुद्दाम गुळगुळीत केलेलें व पाण्यानें भिजविलेलें प्रशस्त अंगण. त्यावर थोड्या वेगांतहि गाडी घसरते, आणि आपटावयास भोंवतीं कांहींच नसतें. लंडनच्या बसचालकांस चिझिक येथील कारखान्याच्या आवारांत अशा ओल्या फरशीवर दुमजली बस घसरवून सांवरण्याचें शिक्षण देत असत. तेव्हां ही कल्पना रिकामटेकड्या श्रीमंतांनीं काढलेली नव्हे. उतारूंचा जीव ज्यांच्या हातीं असतो त्यांच्यासाठीं ती रूढ झाली.

आपल्या प्रांतांत कोल्हापुरास मोहिते यांच्या मार्गावर कार्ट नांवाच्या चिमुकल्या गाड्यांच्या शर्यती होतात. मोठ्या मोटारींच्या मार्गांसाठीं मात्र लांब जावें लागतें. कोइमतूरजवळील करी मोटर स्पीडवे सुमारें २.१ किलोमीटरचा आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील सुमारें ३.७ किलोमीटरचा, आणि ग्रेटर नोइडा येथील बुद्ध सर्किट, जेथें २०११ ते २०१३ अशीं तीन वर्षें फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तें ५.१ किलोमीटरचें. इंदूरजवळ पीथमपूर येथें मोटार-उद्योगाचें जें विस्तीर्ण चांचणीक्षेत्र आहे, त्यांत २०२१ सालीं ११.३ किलोमीटरचा अतिवेग-मार्ग खुला झाला, आणि तेथें गाड्या घसरवून पाहण्याचें अंगणहि आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा सर्व खेळ बंदिस्त जागेंतला. सार्वजनिक रस्त्यावर सरकारी परवानगीवांचून शर्यत लावणें वा वेगाची परीक्षा पाहणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खालीं गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें त्याची शिक्षा वाढविली आहे. कळंबोलीहून निघणारा मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग आमच्या दारावरून जातो. रात्रीं त्यावर गाड्या पिटाळणाऱ्या तरुणांचा आवाज आमच्याकडे नवा नाहीं. मैदानावर जाण्याचें पहिलें फळ हेंच असावें कीं, रस्त्यावरची ती खुमखुमी जिरून जावी.

आणि पनवेलकरांस वाहनाची ही चिकित्सा परकी कां वाटावी? १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, तेव्हांपासून मुंबईहून मचव्यानें पनवेल बंदरीं उतरावें आणि येथून गाडीनें घाट चढावा असा पुण्याचा प्रवास होऊं लागला. बैलगाडीचीं चाकें घडविण्याच्या धंद्यासाठीं हा गांव प्रसिद्ध होता. घाट उतरणाऱ्या गाडीचें चाक निखळलें तर काय होतें हें येथल्या सुतारांस पक्कें ठाऊक असे. म्हणून चाक आधीं मजबूत, मग देखणें, ही त्यांची रीति. १९०४ सालीं मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडियानें दिल्लीपासून मुंबईपर्यंत सुमारें १,३०० किलोमीटरची मोटारींची कसोटी घेतली. या देशांतल्या मोटार-क्रीडेचा आरंभ तेथून धरतात. त्या काळच्या रस्त्यांवरून एवढी मजल मारून गाडी धड पोंचणें हाच मोठा पराक्रम होता.

पकडीची तिजोरी

तयारीकडे वळण्यापूर्वीं थोडें शास्त्र. हजार किलो वजनाची गाडी रस्त्यास केवळ चार ठिकाणीं टेकलेली असते, आणि प्रत्येक ठिकाण सुमारें तळहाताएवढें. गति वाढविणें, थांबणें, वळणें हे तीनहि खर्च त्या चार तळहातांच्या पकडीतूनच भागवावयाचे. एकत्र कुटुंबाची तिजोरी एकच असते. थोरल्यानें सगळी रिकामी केली तर धाकट्याच्या हातीं कांहीं येत नाहीं. तसेंच येथें आहे. सगळी पकड ब्रेकनें खाल्ली तर वळण्यास उरत नाहीं. वळणांत सगळी खर्चिली तर ब्रेकला उरत नाहीं.

शिवाय वेगाचा हिशेब सरळ नसतो. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशीं ५० किलोमीटरवरून थांबण्यास ब्रेक लागल्यापासून सुमारें १४ मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे १०० केला तर २८ नव्हे, ५६ मीटर लागतात. तोच ५० चा वेग निसरड्या ओल्या फरशीवर असेल तर सुमारें ३३ मीटर लागतात. आणि डोळ्यांनीं पाहून पाय हलेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यांत गाडीनें आणखी १४ मीटर आधींच तोडलेले असतात. हे आंकडे आम्ही कागदावर सोडवीत बसलों तेव्हां बंधूहि येऊन शेजारीं बसले, आणि त्या दिवसापासून त्यांचा विरोध हळूहळू मावळला.

गाडीची तयारी

आमची गाडी पांच माणसांची, साधी, पुढच्या चाकांवर चालणारी. पुतण्याच्या कागदांत पहिल्यानें काय काय होतें! गाडी जमिनीजवळ आणणाऱ्या आंखूड स्प्रिंगा, रुंद चाकें, मोठा आवाज करणारा सायलेन्सर. सोमवारची अट लावतांच यादी आपोआप आटली. आंखूड स्प्रिंगा बसविल्या तर आमच्या आळीच्या गतिरोधकावर गाडीचें पोट घासेल, आणि वृद्ध माणसाला त्या बैठकीतून उठणें जड जाईल. शिवाय कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणींत नमूद असलेल्या रचनेविरुद्ध फेरफार करणें कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें चालत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ च्या जानेवारींत तसाच निर्णय दिला आहे. मग राहिलें तें हें :

टायर. पैसा खर्चावयाचा तर पहिला येथें. टायरच्या बाजूवर जो चार आंकड्यांचा शिक्का असतो, त्यांतले पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. आमचे टायर वरून बरे दिसत, पण सात वर्षांचे निघाले. रबर कठीण झालें होतें. कायद्यानें नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर पाहिजे; परंतु भर पावसांत पाणी बाजूला सारण्यास तेवढी खोली पुरत नाहीं, आणि मग चाक पाण्यावर तरंगूं लागतें. आम्हीं त्याच मापाचे, पण ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेले चार नवे टायर एकदम घेतले. दोन नवे व दोन जुने असा काटकसरीचा मेळ घालूं नये; विशेषतः नवे पुढें व झिजलेले मागें बसविले तर ओल्यांत गाडीचें शेपूट आधीं सुटतें.

हवा. दाराच्या चौकटीवर जो आंकडा लिहिलेला असतो तो थंड टायरचा. मैदानावर टायर तापतात आणि दाब चार-सहा पौंडांनीं सहज चढतो. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढावी व चार फेऱ्यांनंतर पाहावें. खडू पार खालपर्यंत पुसला असेल तर टायर कडेवर लोळतो आहे, हवा थोडी वाढवावी. वरच राहिला असेल तर कमी करावी. एका पैशाच्या खडूनें जें कळतें तें पुष्कळदां महागड्या यंत्रानेंहि कळत नाहीं. घरीं परततांना मात्र थंड टायरवर मूळचा आंकडा पुन्हां करून घ्यावा.

ब्रेक. हजार किलोची गाडी ताशीं १०० किलोमीटरवरून एकदां थांबविली कीं जी उष्णता निघते, तिनें सव्वा लिटर पाण्यास उकळी फुटेल. मैदानावर हें मिनिटांत कित्येकदां घडतें. ब्रेक ऑइलचा एक दुर्गुण असा कीं तें हवेंतला ओलावा पितें. आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत मिठाची बरणी जशी पाझरते तसाच हा प्रकार. डॉट ४ जातीचें नवें ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा नियम आहे. ओलावा प्यालेल्याची हद्द १५५ अंशांवर येते. आंत तें उकळलें कीं वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबावा तों पट्टी सरळ खालीं जाते. आमच्या गाडींतलें ऑइल चार वर्षें बदललेलें नव्हतें; बाटलींत काढलें तें काळपट चहासारखें दिसलें. तें बोरघाटाच्या उतारावरहि धोक्याचेंच होतें. दर दोन वर्षांनीं तें बदलावें. पॅड नवे घातले, पण रस्त्याचेच. शर्यतीचे पॅड थंड असतांना नीट धरीत नाहींत. सकाळीं गल्लींतून निघतांना समोर मूल आलें तर ते पॅड तापेपर्यंत कोण थांबणार?

नट. येथें एक घडलेली गोष्ट सांगतों. टायर ज्या दुकानांत बसविले तेथें चाकांचे नट यंत्रानें खाडखाड आवळून दिले. पुतण्यानें मोजणीचा पाना आणून घरीं तपासले, तों तीन चाकांचे नट प्रमाणाबाहेर आवळलेले, आणि चौथ्याचा एक हातानें फिरण्याइतका सैल! पुस्तिकेंतला आंकडा पाहून, समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळावे व पन्नास किलोमीटरनंतर पुन्हां पाहावे, हा नियम आम्हीं तेव्हांपासून घातला. गाडीच्या चाकांवर ज्या गांवानें पोट भरलें, तेथें हा हलगर्जीपणा व्हावा याची लाज वाटली.

चाकांची सरळ रेघ, ज्याला सर्वत्र अलाइनमेंट म्हणतात, ती कारखान्याच्या मापाबरहुकूम करून घेतली. चाकें वरच्या बाजूनें आंत झुकविलीं तर वळणांत पकड वाढते हें खरें. पण रोजच्या वापरांत टायरची आंतली कड लवकर झिजते, आणि आमच्यासारख्या पुष्कळशा छोट्या गाड्यांत तशी सोय मुळांत दिलेलीच नसते. इंजिनांत तेल वरच्या खुणेपर्यंत भरलें, कारण लांब वळणांत तें एका बाजूस धांवतें. कूलंट पाहिलें, रबरी नळ्या पाहिल्या.

सर्वांत मोठी सुधारणा मात्र फुकट झाली, ती बसण्याची. पाठ बैठकीला टेकलेली असतां मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलें पाहिजे, आणि ब्रेक पुरता दाबल्यावरहि गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. मी तीस वर्षें आरामखुर्चींत रेलल्यासारखा बसत होतों!

शेवटीं गाडी रिकामी केली. छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, जॅक, पायपुसणीं. जें जें सुटें तें तें वळणांत गोळ्यासारखें उडतें, आणि एखादी बाटली ब्रेकखालीं जाऊन अडकली तर अनर्थ होतो. पुढच्या फळीवरचा गणपति काढावयास मातुश्री तयार होईनात. तेव्हां मीं तो उचलून सदऱ्याच्या खिशांत ठेविला. विम्याची पोथीहि या निमित्तानें प्रथमच वाचली. आपल्याकडच्या मोटार-विम्यांत शर्यत, वेगाची चांचणी व कसोटीच्या फेऱ्या यांतलें नुकसान सामान्यतः वगळलेलें असतें. मैदानावर पत्रा चेपला तर तो खर्च आपलाच, हें आधीं घरांत सांगून ठेवावें. नंतर सांगण्याचा प्रसंग फार कडू होतो.

ओल्या अंगणांत

पुण्याच्या वाटेवर एका खाजगी आवारांत काँक्रिटचें मोठें अंगण भिजवून शिकविण्याची व्यवस्था होती. वीस मीटर त्रिज्येचें वर्तुळ शंकूंनीं आंखलें होतें. कोरड्यावर त्या वर्तुळांत गाडी ताशीं ४५ किलोमीटरपर्यंत धरते. ओल्या गुळगुळीत फरशीवर २७-२८ लाच सुटते. म्हणजे सायकलवाल्यानें जोर केला तर गांठील एवढ्या वेगांत घसरण्याचें सगळें शास्त्र शिकावयास मिळतें.

पुतण्यानें पहिली फेरी केली. पंचविसाच्या पुढें गाडी वर्तुळाबाहेर सरकूं लागली. त्यानें स्टिअरिंग आणखी फिरविलें. ती आणखीच सरळ गेली. शिक्षक शेजारीं शांतपणें म्हणाले, "आतां स्टिअरिंग थोडें सरळ करा, ॲक्सिलरेटर हलका करा, आणि थांबा." क्षणभरांत पुढचीं चाकें पुन्हां धरूं लागलीं. पकड संपली असतां अधिक मागणें म्हणजे दिवाळखोराकडे दुप्पट वसुली लावणें. मागणी कमी केली कीं तो थोडें तरी देतो.

दुसरा धडा शेपटाचा. वळणांत दचकून पाय एकदम उचलला कीं गाडीचा भार पुढें येतो, मागचीं चाकें हलकीं होतात आणि शेपूट बाहेर फिरतें. त्या वेळीं ब्रेकवर पाय आपटूं नये. शेपूट ज्या बाजूला चाललें त्या बाजूस स्टिअरिंग द्यावें, आणि नजर जेथें जावयाचें तेथें ठेवावी. नजर शंकूवर गेली कीं गाडीहि शंकूवरच जाते. हें मीं दहा वेळां पाहिलें.

तिसरा धडा आमच्या मातुश्रींच्या प्रश्नाचा. पन्नासाच्या वेगांतून ओल्यावर पुरता ब्रेक दाबावयाचा. २०१९ पासून नव्या मोटारींस चाक जखडूं न देणारी ब्रेकची योजना, म्हणजे एबीएस, सक्तीची झाली आहे. ती काम करूं लागली म्हणजे पायाखालीं खडखड होते. ती खडखड म्हणजे बिघाड नव्हे; यंत्र आपलें काम करीत असल्याची ती खूण आहे. पाय न उचलतां दाबून धरावा आणि शंकूला बगल देत हळूच स्टिअरिंग फिरवावें. चाकें जखडलेलीं नसल्यामुळें गाडी वळते. पुतण्यानें पहिल्या दोन वेळां सवयीनें पाय उचललाच. तिसऱ्या वेळीं दाबून धरला, आणि गाडी शंकूला वळसा घालून उभी राहिली. तो खालीं उतरला तेव्हां त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्या संध्याकाळचा टेंपो त्याला दिसला असावा.

मग शिक्षक माझ्याकडे वळले. मीं आपला तीस वर्षांचा अनुभव पुढें केला; त्यांनीं किल्ली हातांत दिली. पहिल्याच फेरींत मीं घाबरून पाय उचलला, शेपूट सुटलें, वर ब्रेक आपटला, आणि गाडी स्वतःभोंवतीं दीड गिरकी घेऊन उलट्या तोंडानें उभी राहिली. खिशांतला गणपति तेवढा जागच्या जागीं होता. तीस वर्षें मी नीट चालवीत होतों असें नव्हे. तीस वर्षें माझ्यावर प्रसंग आला नव्हता इतकेंच. दुपारपर्यंत बारा-पंधरा फेऱ्या केल्या, तेव्हां कोठें हात-पाय सांगितलेलें ऐकूं लागले.

कोइमतूरची फेरी

पुढच्या हिंवाळ्यांत पुतण्या मित्राबरोबर गाडी घेऊन कोइमतूरला गेला. पनवेलहून अंतर सुमारें तेराशे किलोमीटर. पहिल्या दिल्ली-मुंबई कसोटीएवढेंच! ज्या गाडीनें मैदान गांठावयाचें, तिनेंच मैदानावर फिरावयाचें आणि तिनेंच घरीं परतावयाचें. रोजची गाडी नेणाराचें सगळें शहाणपण त्या तिसऱ्या गोष्टींत आहे.

शुक्रवारीं मैदानाचा दिवस होता. चार-पांच फेऱ्यांनंतर ब्रेकचा वास येऊं लागला आणि पट्टी नेहमीपेक्षां किंचित् खोल जाऊं लागली. शेजारून वेगवान गाड्या जात होत्या, हात शिवशिवत होते. तरी त्यानें पुढली एक फेरी ब्रेक न लावतां हळू काढली व गाडी बाहेर आणली. तापलेल्या ब्रेकवर हातब्रेक ओढावयाचा नसतो. म्हणून गिअरमध्यें ठेवून चाकांना ओट दिली आणि अर्धा तास थांबला. दिवसभरांत असें पांच वेळां केलें. शनिवारीं पहाटे नट पुन्हां तपासून निघाला, आणि रविवारीं रात्रीं गाडी आमच्या दारांत उभी राहिली.

बंधूंनीं विचारलें, "एका फेरीला किती सेकंद लागले?" तो म्हणाला, "बाबा, मोजले नाहींत. पॅड मात्र अर्धे झिजले आहेत, ते पुढच्या महिन्यांत बदलावे लागतील."

सोमवारीं मातुश्री गाडींत बसल्या. कोप-यावर गाडी हळू झाली, तेव्हां पुतण्या आपण होऊन म्हणाला, "आजी, त्या दिवशीं काय झालें तें सांगूं? चाकांपाशीं पकड होती रुपयाभर. ब्रेकवर ती खर्चायची तर मीं घाबरून मध्येंच हात आंखडला; आणि मग वळायला एकदम दोन रुपये मागितले. ते मिळणार कुठून?"

मातुश्री क्षणभर विचार करून म्हणाल्या, "मग आधींच हळू आला असतास तर रुपयांत भागलें असतें."

शास्त्राचें सार याहून थोडक्यांत कोणी सांगेल असें वाटत नाहीं. बोरघाट ज्यांना वरचेवर उतरावा लागतो त्या घरांनीं मैदानावर जावें कीं न जावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु टायरचें वर्ष, ब्रेक ऑइलचें वय आणि नटांची आवळ या तीन गोष्टी पावसाळ्यापूर्वीं एका सकाळीं तपासून होतात. आणि तरुण मुलाच्या हातीं किल्ली देतांना एकदां मोकळ्या, निर्धोक जागीं त्याला पुरता ब्रेक दाबून ती खडखड ऐकवावी. ती प्रथमच ऐकण्याची पाळी घाटांत, पहिल्या सरींत आणि मागें आई-आजी बसल्या असतां येऊं नये.